परतीच्या फेरीचा डबा

आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेदहाला एसटीची घोषणा होते. गल्ली अकोल्याच्या जठारपेठेतली, स्कूटरसुद्धा तिरकी करून काढावी लागते अशी. तरीही घोषणा होते.

"लक्ष द्या! काल सुटलेली दोन किलो शेंगदाणा चिक्की, मार्गे भुसावळ-मनमाड, नाशिकले पोचून राहिली! सांगलीची गूळपापडी आज पुण्यात मुक्कामी हाये!"

मी इथे राहायला आले त्या पहिल्याच सकाळी हा आवाज ऐकून पर्स घेऊन खाली धावले होते. गाडी कुठे लागली, म्हणून विचारलं. समोरच्या दारात उभ्या असलेल्या शोभाकाकूंनी कपाळाला हात लावला. "गाडी नाही मॅडम, चिक्की हाये. आमच्या ह्यांचं चालू असते."

हे म्हणजे सुखदेवराव. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेली. निवृत्तीनंतर कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा वहीत लिहायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांना गुंतवायला चिक्कीचा धंदा काढला. चिक्की काकू करतात. ऑर्डर घेणं, लेबल छापणं, पार्सल रवाना करणं आणि ते पोचेपर्यंत जिवाला घोर लावून घेणं हे खातं सुखदेवरावांचं. त्यासाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर घेतलंय. कॉम्प्युटर ठेवला आहे त्या कोपऱ्याला ते 'कंट्रोल केबिन' म्हणतात.

मी शाळेत गणित शिकवते आणि मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची वाईट खोड आहे. त्यामुळे आठवडाभरातच मी त्या केबिनमध्ये होते. सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरच्या प्रत्येक टप्प्याला आपल्या मनाचं नाव देता येतं म्हणे. सुखदेवरावांनी ती सवलत पुरेपूर वापरली होती. पार्सल बांधून तयार असलं की 'फलाटावर'. कुरिअरवाल्यानं नेलं की 'सुटली'. गिऱ्हाइकाच्या गावात पोचलं की 'फाट्यावर'. मिळालं की 'उतरली'. आणि माल परत आला तर 'परतीची फेरी'.

गिऱ्हाइकाला मोबाईलवर संदेश आपोआप जातो, पण सुखदेवरावांचा त्यावर काडीचा विश्वास नाही. ते स्वतः फोन करतात. "तुमची गाडी फाट्यावर आली हाये, घर सोडू नका." बंगळुरूच्या एका बाईंनी घाबरून विचारलं होतं, कोण येतंय गाडीनं? "शेंगदाणे," ते म्हणाले.

पार्सलं न्यायला चार वाजता गजानन येतो. चार वाजून पाच मिनिटं झाली की गॅलरीतून आवाज. "लेट काहून?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, एकदा तर आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी तो विचारला. गंमत म्हणजे विचारून ते थांबत नाहीत. कारण पूर्ण ऐकून घेतात, चहा पाजतात आणि सॉफ्टवेअरमध्ये शेरा लिहायची चौकट आहे तिच्यात नोंदवतात. 'गजानन, दहा मिनिटं लेट. पोरीले ताप.' 'सात मिनिटं लेट. टायर पंक्चर, अशोक वाटिकेजवळ.' दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला का, तेही विचारतात. कारखाना चिक्कीचा आणि नोंदी साऱ्या गजाननच्या घरच्या, हे काय प्रकरण आहे ते मला कळेना.

दुसरं एक कोडं होतं. महिन्यातून एकदा सुखदेवराव लेबल फाडलेला एक डबा माझ्या दारात आणून द्यायचे. "परतीच्या फेरीचा माल हाये, मॅडम. खाऊन टाका." चिक्की टिकाऊ, कुठंही हिंडून आली तरी कुरकुरीत. मी वर्षभर चहाबरोबर ती मजेत खाल्ली. पण पिनकोड तीन-तीनदा तपासणाऱ्या माणसाचा पत्ता दर महिन्याला चुकतो कसा?

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस कंट्रोल केबिन माझ्या ताब्यात आली. काळा चष्मा लावून ते शेजारी खुर्चीत बसायचे आणि मी टाईप करायचे. तिसऱ्या दिवशी काकू आत पाक बघायला गेल्या, तेव्हा मला राहवलं नाही. मी 'परतीची फेरी'वर बोट ठेवलं.

एकच नाव होतं. मनोहर, नाशिक. वरपासून खालपर्यंत तेच. प्रत्येक नोंदीपुढे कुरिअरचा शेरा, 'घेणाऱ्याने नाकारले'.

"बोटं काहून थांबली, मॅडम?" चष्म्याआडून प्रश्न आला. लपवण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "हे मनोहर कोण?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "डायवर होता. अकोला-अमरावती. आमी दोघं रोज एका डब्यात जेवत होतो. अकरा वर्षांमागं एक दिवस त्यानं मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडी पंचवीस मिनिटं उभी ठेवली. मी रिपोर्ट केला. त्याची नाशिकले बदली झाली."

"मग रिपोर्ट खोटा होता का?"

"खरा होता ना. तेच तर वांधं हाये." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "त्याची माय लय बिमार होती. औषध द्याले उतरला होता घरी. मले हे नंतर कळलं, दुसऱ्याकडून. साऱ्या डेपोले टाईम इचारत होतो मी, मॅडम. त्याले मात्र काहून थांबला म्हणून इचारलं नाही."

आतून गुळाच्या पाकाचा वास येत होता. मला एकदम त्या वर्षभराच्या चिक्कीची लाज वाटली. दर महिन्याला एक माणूस माफी मागत होता, दुसरा ती परत पाठवत होता, आणि मधल्या मधे मी ती चहाबरोबर खात होते.

"फोन करून बघा ना," मी म्हटलं.

"उचलत नाही. डबा तर निदान दारापर्यंत जाते."

त्या दिवशीचा नाशिकचा डबा मी माझ्या हातानं बांधला. पार्सलसोबत चिठ्ठी छापायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, ती आजवर कोरीच राहिलेली. मी विचारलं, काय लिहू? ते अडखळले, दोनदा नको म्हणाले. शेवटी म्हणाले, "लिहा. मनोहर, तू गाडी काहून थांबवली होती? सांग, मी आयकतो."

दिवाळीच्या गर्दीमुळे पाच दिवसांनी तो डबा फाट्यावर आला. दिवसभर सुखदेवराव जेवले नाहीत. दुपारी गजानन चक्क वीस मिनिटं लेट आला, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी स्क्रीनवरचा शब्द बदलला. मी वाचून दाखवला.

"परत वाचा," ते म्हणाले.

"उतरली."

"सही कोणाची?"

"मनोहर."

काकूंनी मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला. "लावा आता फोन."

"थांब ना. खाऊ दे त्याले आधी," ते म्हणाले. "दात राहिले असतीन का त्याचे, वेळ लागंन." आणि चष्म्याखालून पाणी गालावर आलं. डॉक्टरांनी डोळे ओले करू नका म्हणून बजावलं होतं, काकूंनी ते आठवणीनं सांगितलं आणि स्वतःही पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी आधीच खिडकीत जाऊन उभी राहिले. सुखदेवराव गॅलरीत आले. घसा खाकरला.

"लक्ष द्या. नाशिक गाडी उतरली." मग जरा थांबून, हळू आवाजात, "अकरा वर्षं लेट."

आणि आत मोबाईल वाजला. एवढी वर्षं घोषणा अर्धवट न सोडलेला माणूस सांगली, पुणे सगळं तसंच टाकून आत धावला. खिडकीतून मला त्यांचा फक्त "हं... हं... मंग?" एवढाच आवाज येत राहिला. ते ऐकून घेत होते.

आता परतीचा डबा येणार नव्हता. मी पर्स घेतली आणि अर्धा किलो चिक्की विकत आणायला खाली उतरले.