उन्हाकडून आणलेला चहा

विहिरीचं पाणी खारट झाल्यापासून घरातला चहा फाटायचा. मागच्या रविवारी तो नेमका सासूबाईंच्या कपात फाटला. "जावईबापू, जगाला पाऊस शिकवता आणि घरात गोडं पाणी नाही?" एवढंच त्या म्हणाल्या. भूगोलाच्या सरांच्या ते काळजाला लागलं.

आज पाच वाजता त्या पुन्हा येणार होत्या.

"आता उन्हाकडूनच गोडं पाणी घेईन, आणि चहा पिईन तर त्याचाच!" सर गच्चीवरून गरजले. परातीत खारं पाणी, वर शोकेसची काच. काचेखाली वाफ धरली. थेंब फुगले, लाजले, आणि होते तिथूनच परातीत परत पडले.

सरांनी काच तिरकी करून उताराला वाटी लावली. दुपारपर्यंत वाटीचा तळही भिजला नाही.

"अगं, काळं बूटपॉलिश दे! काळा रंग ऊन पितो!"

"अहो, पाण्यात पॉलिश?"

"पाण्यात नाही, परातीच्या तळाला!"

पाणी सणसणून तापलं. पण काचही तापली. तिच्यावर थेंब धरेनात.

"तळ तापवायचा, छप्पर गार ठेवायचं!" असं दुपारभर ओरडत सर काचेवर ओलं फडकं फिरवत राहिले. फडक्यातलं खारं पाणी ओघळून वाटीत गेलं. वाटी ओतली, पुन्हा मांडली. तेवढ्यात ढग आला. तीस वर्षं ज्याला फळ्यावर प्रेमानं काढलं, तोच उन्हाच्या वाटेत बसला.

"ऊठ!" सर त्याच्यावर खेकसले. तो सावकाश उठला.

पाचाला अर्धा कप पाणी जमलं. मीठ खाली राहिलं होतं. पॉलिशचा वास मात्र वाफेचं बोट धरून वर आला होता.

सर मान खाली घालून जिना उतरले. सासूबाई चहा पीत होत्या. न फाटलेला!

"शब्दाचे पक्के हो, जावईबापू! आणलंत गोडं पाणी!"

सरांनी स्वयंपाकघरात पाहिलं. शेगडीवर खाऱ्या पाण्याचं पातेलं, आत मधोमध उंच वाटी, वर उलटं झाकण, झाकणात गार पाणी. आत टपटप चालू होती.

"तुम्हीच ओरडत होतात ना," बायको हळूच म्हणाली, "तळ तापवा, छप्पर गार ठेवा. ऐकलं मी." तिनं त्यांच्यापुढे कप केला.

सरांनी तो बाजूला सारला आणि आपला अर्धा कप तिच्या हातात दिला. "माझा चहा ह्याचा."

तिनं त्याचा चहा केला. सरांनी तो डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"कसा झालाय?"

सरांनी रिकामा कप हुंगून खाली ठेवला.

"फाटला नाही," ते म्हणाले.