वाळवणीच्या मांडवाचा धर्मबाप

"तो इन्स्पेक्टर दुपारच्या जेवणाआधी माझा कोंपाद्रे झाला नाही, तर नावाचा लिबोरियो नाही!"

लिबोरियो चिंगेलने हे जाहीर केलं ते सहकारी संस्थेच्या वजनकाट्यासमोर, कॉफीची पोती घेऊन आलेल्या अख्ख्या गावाच्या देखत. घरी बायकोच्या कानात सांगितलं असतं तर पुढचं निम्मं टळलं असतं. पण लिबोरियोला मनातलं मनात ठेवायची सवयच नाही.

आमच्या डोंगरात धर्मबाप फक्त पोरांनाच लागतो असं नाही. पोराचं जावळ असो, नवं छप्पर असो, नवी मोटरसायकल असो, नाहीतर फुटबॉलच्या मैदानावरचे गोलाचे खांब असोत, धर्मबापाशिवाय काहीही सुरू होत नाही. तो येतो, रिबीन कापतो, मक्याच्या दारूची, म्हणजे चिचाची, बाटली हातोडीने फोडतो आणि घरमालकाचा कोंपाद्रे होऊन जातो. कोंपाद्रे म्हणजे भावाच्याही वरचं नातं. भावाशी बांधावरून भांडता येतं, कोंपाद्रेशी तेही येत नाही. आणि जो भांडू शकत नाही तो तुमच्या शेताबद्दल वाईट काय लिहिणार?

ही युक्ती लिबोरियोला शेजारच्या तोरिबियोकडे बघून सुचली होती. गेल्या वर्षी तोरिबियोच्या नव्या छपराची धर्मआई झाली होती खुद्द शेतं तपासणारी इन्स्पेक्टरीणबाई, सोराइदा मॅडम. बाटली फोडताना सगळ्या गावाने तिला पाहिलं होतं. तोरिबियोचं शेत म्हणजे नुसतं जंगल, तरी तो बिनधास्त हिंडत होता. लिबोरियोच्या लेखी याचा अर्थ उघड होता: तो तपासणीत पास झाला!

"अहो, आपलं शेत चोख आहे," बायको क्लोतिल्दे म्हणाली. "ते दाखवा आणि गप्प बसा. एवढंच काम आहे तुमचं."

"तुला कळत नाही. आपण चोख आहोत हे त्याला कुठं ठाऊक आहे?"

खरं तर क्लोतिल्देचंच बरोबर होतं, पण लिबोरियोची काळजीही उगाच नव्हती. संस्थेकडे रास्त व्यापाराचा शिक्का आधीपासून होता, पण सेंद्रियचा शिक्का ज्याने त्याने आपापल्या शेतावर कमवायचा असतो, आणि त्यासाठी तीन वर्षं काही फवारायचं नाही. तीन वर्षं नवराबायकोने कोयत्याने तण काढलं होतं. खताच्या गोण्या पाठीवरून चढणीला नेल्या होत्या. पानांवर तांबेरा पडला तेव्हा बाकीचे फवारणीचे पंप घेऊन धावले, आणि लिबोरियोने डोळ्यांत पाणी आणून रोगट झाडं मुळासकट उपटली. ही शेवटची तपासणी होती. ती हुकली तर मांडवात वाळत पडलेली यंदाची सगळी कॉफी साध्या ढिगात जाणार होती, कुणाच्याही फवारलेल्या कॉफीत मिसळून.

म्हणून त्याने सगळी तयारी जय्यत केली. वाळवणीसाठी नुकताच बांधलेला प्लास्टिकच्या छताचा मांडव होता, त्याच्या दाराला लाल रिबीन बांधली. पेत्रोनिला मावशीने चिचाची बाटली भरून ठेवली. बासरी आणि ढोलकं, दोन्ही एकटाच वाजवणारा तोरिबियो वाद्यं घेऊन मांडवामागे दबा धरून बसला. क्लोतिल्देने मेजवानीसाठी पाळलेल्यांतला सगळ्यात लठ्ठ गिनीपिग भाजला, तोही कुरकुरतच.

इन्स्पेक्टर आला तो मोटरसायकलवरून. ब्राउलियो नाव. पोरसवदा, नवे बूट, पाठीवर पिशवी.

"या या, इंजिनिअर साहेब! आधी दोन घास खाऊन घ्या," लिबोरियो म्हणाला. आमच्याकडे शिकून आलेला कुणीही इंजिनिअरच.

"नको काका. आम्हाला शेतकऱ्याकडचं काही घेता येत नाही. नियम आहे."

"निदान चिचा तरी?"

"माझी बिस्किटं आणि पाणी आहे माझ्याकडे."

"पाणीसुद्धा स्वतःचं?" लिबोरियो हादरला. आमच्याकडे जो तुमच्या घरचं खात नाही त्याच्या मनात तुमच्याविषयी काहीतरी असतं. शेजाऱ्याला विष घालायचं असेल तरी माणूस आधी त्याच्याकडे जेवतो! त्याने क्लोतिल्देला बाजूला ओढलं. "बघितलंस? नापास करायचं ठरवूनच आलाय तो. बिस्किटं घेऊन आलाय घरनं!"

"अहो, त्याला भूक नसेल."

"गिनीपिगचा वास आल्यावर भूक नसते? मेलेला माणूस उठून बसेल!"

ब्राउलियोने शेत पालथं घातलं. शेजारची फवारणी अडवायला बांधालगत सोडलेली झुडपांची रांग पाहिली. फळ पोखरणारा किडा पकडायला टांगलेल्या लाल रंगाच्या बाटल्या एकेक वाकून पाहिल्या. खताच्या खड्ड्यात हात घालून वास घेतला. क्लोतिल्देला विचारलं, भांडी धुतलेलं पाणी कुठं जातं. ती फडाफडा उत्तरं देत गेली आणि तो मान डोलवत गेला. ती मान लिबोरियोने पाहिलीच नाही. त्याचं सगळं लक्ष मांडवाकडे.

"आता फक्त वाळवण बघायचं राहिलं," ब्राउलियो म्हणाला. "ही रिबीन कसली?"

"ती होय? ती अशीच. कोंबड्या शिरू नयेत म्हणून."

कोंबडीच्या डोक्यावरून हातभर उंच होती ती रिबीन.

"सोडा बरं जरा."

"गाठ घट्ट बसलीय साहेब. ही घ्या कात्री. तुम्हीच कापा!"

बिचाऱ्याला आत शिरून कॉफी बघायची होती. त्याने कात्री घेतली आणि कापली रिबीन.

धडाड्धूम! मांडवामागून ढोलकं वाजलं, बासरी किंचाळली, निम्मं गाव केळींतून बाहेर पडलं. "धर्मबापाचा विजय असो!" पेत्रोनिला मावशीने इन्स्पेक्टरच्या गळ्यात मिठी मारली आणि सगळ्यांनी मुठी भरभरून रंगीत कागदाचे बारीक तुकडे उधळले. ते ब्राउलियोच्या केसांत गेले, कॉलरमध्ये गेले, आणि उरलेले सगळे मांडवात वाळत घातलेल्या कॉफीवर जाऊन पडले.

"हे काय चाललंय?" ब्राउलियो मावशीच्या काखेतून ओरडला.

"तुम्ही मांडवाचे धर्मबाप झालात!" तोरिबियो आनंदाने म्हणाला. "आता तुम्ही आणि लिबोरियो कोंपाद्रे. मरेपर्यंत!"

ब्राउलियोने स्वतःला हळूच सोडवून घेतलं. खिशातलं पेन काढलं, त्याकडे पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं.

"काका, नात्यातल्या माणसाचं शेत आम्हाला तपासता येत नाही. तपासणी रद्द."

"कसलं नातं? सकाळी तर पहिल्यांदा पाहिलं मी तुम्हाला!"

"सगळं उत्तम होतं हो तुमचं," ब्राउलियो कळवळून म्हणाला. "असं शेत मी या खोऱ्यात पाहिलं नाही. फक्त हा मांडव राहिला होता."

लिबोरियो मटकन खाली बसला.

मग तो एकदम उठला. रिबिनीची दोन टोकं धरून त्यांची गाठ मारू लागला. "हे बघा! बांधली परत! कापलीच नाही! कुणी पाहिलं का कापताना?"

"आम्ही सगळ्यांनी पाहिलं," गाव एका सुरात म्हणालं.

"बरं. मग मी हे नातं मोडतो. कोंपाद्रेशी भांडलं की नातं तुटतं ना? ए इंजिनिअरड्या! बिस्किटखाऊ! तुझे बूट असे चकचकीत आहेत, चिखल तरी पाहिलायस का जन्मात?"

"वा, काय मस्करी करतो!" मावशीने डोळे पुसले. "कोंपाद्रे भांडत नाहीत, म्हणजे हे भांडण नाहीच. एका तासात किती माया लागली बघा!"

"माया नाही मावशी, शिव्या देतोय मी! तुझ्या मोटरसायकलला गंज लागो!"

"ऐकलं? मोटरसायकलचीसुद्धा काळजी करतो."

शेवटी ब्राउलियो देवळाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला, कारण गावात फोनला रेंज तेवढ्या एका पायरीवर आहे. अख्खं गाव मागे. त्याने ऑफिसला फोन लावला. साहेबांचा आवाज इतका मोठा होता की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"कोंपाद्रे झालास? कुठल्या गावात? पुन्हा तेच गाव? अरे, गेल्या वर्षी सोराइदाला तिथंच छपराची धर्मआई केली! कोण तो तोरिबियो! त्याची तपासणी रद्द झाली, अजून शिक्का नाही त्याला!"

सगळं गाव वळलं. तोरिबियो ढोलक्याच्या दोऱ्या तपासू लागला.

"तोरिबियो," लिबोरियो सावकाश म्हणाला. "तुला शिक्का मिळाला नाही?"

"नाही."

"मग तुझी पोती कुठं जातात?"

"साध्या ढिगात. म्हणून तर मी सगळे जेवायला गेल्यावर आणतो."

"आणि वर्षभर मला बोलला नाहीस? आज सकाळी तरी सांगायचंस! मांडवामागे बसून ढोलकं बडवत होतास!"

"तू बोलावलंस म्हणून आलो. कोंपाद्रेने बोलावलं तर नाही कसं म्हणायचं?" तोरिबियोने मान खाली घातली. "आणि खरं सांगू का, गावात मी एकटाच मूर्ख उरलो होतो. बरं वाटत नव्हतं."

लिबोरियोने त्याला मारायला हात उचलला. पण तोरिबियो त्याच्या थोरलीच्या जावळाचा धर्मबाप, त्यामुळे हात तसाच डोकं खाजवायला गेला.

फोनवर साहेब अजून बोलतच होते. सोराइदा पलीकडच्या खोऱ्यात होती. ती तोरिबियोची कोमाद्रे, म्हणजे बायकांतली कोंपाद्रे, पण लिबोरियोची कुणी नव्हे. ब्राउलियो लिबोरियोचा कोंपाद्रे, पण तोरिबियोचा कुणी नव्हे. "उद्या सकाळी ती लिबोरियोकडे जाईल, तू तोरिबियोकडे जा," साहेब म्हणाले. "आणि त्या गावाला सांग, कुणी काही कापायचं नाही, फोडायचं नाही, बांधायचं नाही. उधळायचं तर अजिबात नाही!"

उधळायचं म्हटल्यावर सगळ्यांना एकदमच कॉफी आठवली.

त्या दुपारी अख्खं गाव मांडवात उकिडवं बसून कॉफीतून कागदाचे तुकडे वेचत होतं. तुकडे हिरवे, पिवळे, जांभळे होते, पण सगळ्यात वाईट म्हणजे काही कॉफीच्याच रंगाचे होते. ब्राउलियोही वेचायला बसला. कोंपाद्रेला तपासणीची मनाई होती, वेचण्याची नव्हती. मध्येच क्लोतिल्देने त्याच्यापुढे भाजलेल्या गिनीपिगचं ताट ठेवलं.

"आता खा. आता घरचाच आहेस तू."

त्याने जरा विचार केला. आता या घरी तो इन्स्पेक्टर नव्हता, म्हणजे नियमही नव्हता. मग तो असा जेवला की हाडंसुद्धा चाटूनपुसून स्वच्छ केली. लिबोरियो शेजारी बसून पाहत राहिला. पहाटेपासून त्याला हेच हवं होतं, आणि आता त्याचा कवडीचा उपयोग नव्हता.

"पण बाटली फोडायची राहिलीच की," मावशी मध्येच म्हणाली. "भरलेली बाटली अशी ठेवणं चांगलं नव्हे."

"द्या इकडे," तोरिबियो म्हणाला. "मी नेतो सांभाळून."

दुसऱ्या दिवशी सोराइदा मॅडम आल्या. लिबोरियो हात मागे बांधून उभा राहिला. त्याने जेवायला बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही, "या"सुद्धा म्हटलं नाही. घरातली कात्री क्लोतिल्देने कमरेला खोचली होती. मॅडमनी शेत पाहिलं, खड्डा पाहिला, बाटल्या पाहिल्या. मांडवात शिरल्या, ओंजळभर कॉफी उचलली आणि उन्हात धरली. लिबोरियोने डोळे मिटले. तीन वर्षांचं सगळं कोयत्याचं काम त्या एका ओंजळीत होतं.

"छान वाळलीय," मॅडम म्हणाल्या. "चोख आहे. शिक्का मिळेल तुम्हाला."

"एवढंच?" लिबोरियोने डोळे उघडले.

"एवढंच. शेत चांगलं असलं की वेळ लागत नाही." त्यांनी त्याच्या मिशीकडे निरखून पाहिलं, आणि तिथला एक जांभळा कागद चिमटीत धरून त्याच्या तळहातावर ठेवला. "हा तेवढा तुमचा तुम्ही ठेवा."

क्लोतिल्दे सरळ बाहीने डोळे पुसत होती आणि हसतही होती. लिबोरियोलाही रडू आलं. इतकं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"तोरिबियोंचंही उरकलं असेल एव्हाना," मॅडम हेल्मेट चढवून मोटरसायकलकडे वळत म्हणाल्या. "ब्राउलियो तिकडे सकाळीच गेलाय."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून, तोरिबियोच्या शेताच्या बाजूने, काच फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ ढोलकं. मग बासरी. मग पेत्रोनिला मावशीचा खणखणीत आवाज: "डुकरांच्या गोठ्याच्या धर्मबापाचा विजय असो!"

सोराइदा मॅडमनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, आणि गाडी सुरू केली.

क्लोतिल्देने कपाळावर हात मारला. लिबोरियो मात्र ओढ्याकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा पडला होता.

"अहो, आता काय झालं? आपला शिक्का तर मिळाला ना?"

"मिळाला गं," तो म्हणाला. "पण एवढा कार्यक्रम ठेवला, आणि सख्ख्या कोंपाद्रेला बोलावणं नाही!"