पहिल्या रांगेतली साळू

एका जंगलात, बाळांनो, वैद्यकीचं एक नावाजलेलं महाविद्यालय होतं. हे जंगल आपल्याकडचं नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

तिथे हरणं शिकायची आणि वानरं शिकायची. त्यांचे आईबापही तिथेच शिकलेले. बाकीच्यांना कुणी मनाई केली नव्हती हं. फाटक सताड उघडं असायचं. तास तेवढे भर दुपारी भरत.

दर वर्षी पलीकडच्या जंगलातून धनेश पक्ष्यांची समिती यायची. इथे सगळ्यांना न्याय मिळतो की नाही, हे ती तपासायची. तपासायची रीत सोपी होती. फाटकावर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचं चित्र टांगलेलं असे. समिती त्यात किती तऱ्हेच्या शेपट्या आहेत ते बघायची, उंबरं खायची आणि उडून जायची. वर्गात डोकावणं तिला असभ्यपणाचं वाटे.

एका वर्षी समितीचे अध्यक्ष चित्रापुढे जरा रेंगाळले.

"सगळ्या शेपट्या ओळखीच्याच दिसतात," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले, पण प्राचार्य सांबरे सरांनी घाईघाईने उंबरांची टोपली पुढे सरकवली. त्या दिवशी उंबरंही कमी खपली.

आता ओढ्यापलीकडे साळींदरांची वस्ती होती. तिथे साळू राहायची. साळींदरं दिवसा झोपतात आणि रात्री जागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वस्तीत वैद्य नव्हता. ओढ्याअलीकडे वैद्य पुष्कळ, पण त्यांचे दवाखाने दिवस मावळला की बंद. साळूचा धाकटा भाऊ अशाच एका बंद दाराशी, उजाडायची वाट बघत गेला. तेव्हापासून साळूला वैद्य व्हायचं होतं. दुसरं काही नकोच होतं.

म्हणून महाविद्यालयाचं बोलावणं आलं तेव्हा ती धावतच गेली. सांबरे सरांनी स्वतः हार घातला. तो काट्यांत अडकला आणि नंतर कुणालाच काढता येईना. चित्रात तिला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, पण चित्रात ती मोकळी जागा शोभून दिसली.

मग तास सुरू झाले आणि साळू पेंगू लागली. ती सरांकडे गेली.

"सर, एखादा तास तिन्हीसांजेला ठेवता येईल का?"

"साळू बाळ," सर मायेने म्हणाले, "इथे नियम सगळ्यांना सारखा. तुझ्यासाठी तो वाकवला, तर हरणांवर अन्याय नाही का होणार?"

साळूला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. तिने आपलाच एक गळून पडलेला काटा उचलला आणि डोळा लागला की तो स्वतःच्या पंजात टोचून घेऊ लागली. शेवटच्या परीक्षेपर्यंत पंजाची चाळण झाली होती. पण साळू पास झाली, आणि चांगली पास झाली.

पदवी म्हणजे पळसाचं पान आणि त्यावर सरांच्या खुराचा ठसा. सगळ्यांना पानं मिळाली. साळूला मिळालं नाही.

"सर, माझं काही चुकलं का?"

"छे छे, उत्तम पास झालीस. तीच तर अडचण आहे." सर खरोखरच कष्टी दिसत होते. "तू गेलीस तर चित्रात कोण बसणार?"

"माझ्या मावसबहिणी येतील की. सगळ्यांना शिकायचंय."

"सगळ्या?" सर दचकले. "अगं, चित्रात जागा एकच आहे. त्यापेक्षा असं करू. आम्ही तुला आजन्म विद्यार्थिनी हा किताब देतो. हार तर आहेच तुझ्या गळ्यात."

साळूला फार वाईट वाटलं. ती ओढा ओलांडून घरी गेली.

समिती यायची वेळ झाली तेव्हा सर गडबडले. पण वानरं हुशार. त्यांनी एक मोठासा भोपळा आणला, साळूचे वर्गात पडलेले काटे त्यात खोचले आणि तो पहिल्या रांगेत मांडला. चित्र सुरेख आलं.

"ही मुलगी यंदा जास्त समाधानी दिसते," अध्यक्ष म्हणाले. "पण एवढी वर्षं इथेच कशी? हिला पदवी नाही का देत तुम्ही?"

सरांनी तिथल्या तिथे पळसाचं पान मागवलं, खुराचा ठसा उमटवला आणि भोपळ्याच्या गळ्यात बांधलं. समितीच्या डोळ्यांत पाणी आलं.

इकडे साळू वस्तीत औषधं देऊ लागली होती. ते कानावर जाताच सरांनी एका वानराला निरोप देऊन पाठवलं. पदवीवाचून कुणी औषध देऊ नये, दिल्यास परिणाम बरा होणार नाही. जाता जाता वानराने भोपळ्याची हकिगतही सांगून टाकली. त्याच्या पोटात काही राहत नसे.

तो गेल्यावर आई बिळातून बाहेर आली.

"काय म्हनत हुता गं?"

"माझी पदवी दिली म्हणे."

"कुनाला?"

"भोपळ्याला."

आईने लेकीचा चाळण झालेला पंजा हातात घेतला.

"मग त्यो दुपारचा झोपत नसंल," ती म्हणाली.

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी शेजारीण तापलेलं पिल्लू घेऊन आली. साळूने त्याला जवळ घेतलं आणि मुळी उगाळायला बसली.

तात्पर्य : उच्च शिक्षणात सर्वांना समान संधी जरूर द्यावी, पण उमेदवार पारखून घ्यावा. जो काही मागत नाही, पेंगत नाही आणि पास झाल्यावर निघून जायची भाषा करत नाही, त्यालाच पहिल्या रांगेत बसवावं. असे उमेदवार वेलावर लागतात.