मामा मुळाशी जातात

चपलेचा अंगठा तुटला, एवढंच मी बोललो होतो. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, बाजेवर सरसावून बसले.

"कावून तुटला?"

"जुनी होती, मामा."

"मंग नवी कावून घेतली न्हाई?"

पाऊण तासानं मूळ सापडलं. माझ्या आईनं मला लहानपणी लई दिवस कडेवर घेतलं, म्हणून मी पाय आपटत चालतो. मी चाट पडलो. आईला सांगितलं तर ती माझ्याहून जास्त.

मामा घाटनांदूरचे. शेती बरी, दावणीला एक म्हैस, आणि समोरच्याच्या अडचणीचं मूळ खणायची भारी हौस. "हरळी वरून कापू ने, पाव्हणं. खालची काशी मुळासकट उपटावी." शेजारच्या नामदेवला झोप लागेना, तर मामांनी मूळ म्हणून त्याचा मेव्हणाच घराबाहेर काढायला लावला. झोप काही आली नाही. मेव्हण्यामागं बायको मात्र गेली.

तर सासूबाई वारल्यावर मामांची म्हैस पान्हा चोरायला, दूध आखडायला लागली. "मंदीच्या हातची सवय हाय तिला," असा मामांचा फोन आला आणि माझी बायको मंदा दोन दिवसांसाठी माहेरी गेली. महिना उलटला. फोनवर नुसतं "येते की." बीडमध्ये मी स्वतःच्या हातचं खाऊन खाऊन खंगलो आणि मनात पाल चुकचुकली. रुसली तर नसेल? शेवटी घाटनांदूर गाठलं.

मामांना शंका सांगितली. त्यांचे डोळे चमकले. "रुसली असंल. कावून? आठवा."

मी आठवलं. "दिवाळीची साडी... ती आधी बहिणीसाठी घेतली होती. तिला रंग आवडला नाही."

"अजून खाली जा."

"तिचं मोगऱ्याचं रोप मीच स्कूटरखाली घेतलं. नाव मांजराचं सांगितलं."

पाठीमागं कपबशी वाजली. चहा घेऊन मंदा उभी होती.

"मांजराचं?" ती म्हणाली. "त्या मुक्या जिवाला मी आठ दिवस दूध दिलं न्हाई!"

"म्हणजे तू रुसली नव्हतीस?"

"आत्तापर्यंत न्हवते! म्हशीपायी अडकलेय मी इथं. रोज धारेला बसते, तर पेलाभर दूध देती. आबांना असं सोडून कशी येऊ?" ती मामांकडं बघून म्हणाली.

विषय बदलावा म्हणून मी गोठ्याकडं पाहिलं आणि तोंडात आलं ते बोलून गेलो. "मामा, म्हैस दूध देत नाही, तर रेडकू एवढं गुटगुटीत कावून?"

रेडकू खरंच ढोलासारखं फुगलं होतं. मंदानं चहा खाली ठेवला. मामा उठून रेडकाच्या दाव्याची गाठ सोडायला लागले, बांधायला लागले, परत सोडायला लागले.

"आबा?"

"पहाटं सोडतो मी त्याला," मामा गाठीलाच म्हणाले. "तू उठायच्या आधी. पोटभर पितंय."

महिनाभर मी कच्च्या पोळ्या चावल्या, त्या या रेडकापायी!

"आन् म्हैस?"

"म्हशीला काय धाड भरलीय?" मामा म्हणाले. "तुझी आय गेल्यापास्नं मला कुणी रागं भरत न्हाई, मंदे. पायात चिखल घिऊन सैपाकघरात गेलतो एकदा मुद्दाम. कुणी काय म्हणलंच न्हाई."

मंदा पदर तोंडाला लावून आत गेली. जरा वेळानं बाहेर आली ती चरवी घेऊनच.

"चार दिवसांनी निघू," मला म्हणाली. "आबाबी येतेत आपल्यासंगं. म्हैस नामदेवदादा बघंल. आन् तुमच्याशी मी मंग बोलते."

ती धार काढायला बसली. मामांनी रेडकू धरलं होतं, पण ते सारखं सुटून कासेला लागत होतं.

"आबा, धरा की नीट! लक्ष कुठं हाय? एवढं वय झालं, एक रेडकू धरता येईना?"

मला वाटलं जाऊन मदत करावी. मग मामांचा खुललेला चेहरा दिसला आणि मी जागचा हललो नाही. रेडकू त्यांनीच ढिलं सोडलं होतं.