कन्याकुमारी, व्हाया गडमुडशिंगी

"संघप्रिया, एक मोटारसायकल घ्यावी म्हणतोय मी. लांबच्या पल्ल्याची," दादासो जेवता जेवता म्हणाले.

संघप्रियानं तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली. तिची आई तानूबाई गेल्यापासून दादासोंचं घरातलं बोलणं "हं", "न्हाई" आणि "ठेव तिथं" एवढ्यावर आलं होतं. आज पूर्ण वाक्य आलं होतं, आणि त्याच्या मागं दुसरंही आलं होतं.

"लांबच्या म्हणजे कुठल्या, आबा?"

"कन्याकुमारी."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर कन्याकुमारीला जायचं, हे दादासोंचं आणि तानूबाईंचं ठरलेलं होतं. निवृत्ती आली, तिच्या पाठोपाठ दवाखाना आला, आणि रस्ता तिकडंच वळला. बाप आता घरातून बाहेर पडायचं म्हणतोय, एवढंच संघप्रियाला ऐकू आलं. त्यांनी विमान मागितलं असतं तरी तिनं कुठं मिळतं याची चौकशी केली असती.

"घेऊया की," ती म्हणाली. तोवर भाकरी करपली होती.

दादासोंची चूक एवढीच झाली, की दुसऱ्या दिवशी चौकातल्या कृष्णातला त्यांनी विचारलं, लांब जायला कुठली गाडी बरी. कृष्णातचं गॅरेज होतं. मंगळवार पेठेत गॅरेजवाल्याला काही विचारणं म्हणजे सल्ला घेणं नव्हे, जाहीर करणं. संध्याकाळी घरात चहा पुरेना.

सर्वांत आधी आले शेजारचे गणपतराव. ते निवृत्त तलाठी. उभ्या जन्मात त्यांनी सायकलीपलीकडं काही चालवलं नव्हतं, त्यामुळं मोटारसायकलींविषयीची त्यांची मतं ठाम होती.

"दादा, ॲव्हरेज बघा. बाकी समदं झूट."

"ॲव्हरेजचं काय घिऊन बसलाय काका!" तरुण मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील म्हणाला. येत्या महापालिकेला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसायला लागलं होतं. "गाडी कशी पायजे? बघणारा दोन पावलं मागं सरला पायजे! जाळ नि धूर संगटच!"

"मला बसायला बरी पायजे," दादासो म्हणाले.

हा मुद्दा इतका किरकोळ होता की कुणी तो मनावर घेतला नाही.

शोरूममध्ये सगळे मिळून गेले. तिथल्या पोरसवदा विक्रेत्यानं एका लाल गाडीवरची धूळ पुसली. गाडी उभी असतानाच धावत असल्यासारखी दिसत होती.

"ही बघा काका, स्पोर्ट टूरिंग. म्हणजे पळणार पण आणि लांब पण जाणार."

"आणि बसणाऱ्याचं काय?"

"त्याचं काय?" विक्रेत्यानं निरागसपणे विचारलं.

धैर्यशील बसून आला, कृष्णात बसून आला. गणपतराव बसले ते हँडलवर ओणवे झाले. "आरं, ही गाडी हाय का भात लावायला उतरलोय?" असं म्हणून त्यांनी उतरायला दोघांची मदत घेतली. दादासो शेवटी आले आणि मागच्या सीटवर बसले.

"काका, चालवणारा पुढं बसतो."

"म्हाईत हाय." दादासोंनी मागची सीट हातानं दाबून पाहिली. मागच्या फूटरेस्टवर पाय ठेवून पाहिले. गुडघे छातीशी आले. "मागच्या माणसाला ही अवघड जाईल."

"मागं कोण बसणार हाय, दादा?"

दादासो सीट दाबत राहिले.

परतताना गणपतरावांनी संघप्रियाला बाजूला घेतलं. "पोरी, आबा मागल्या सीटची लई चौकशी करालेत. न्हाई, वाईट काय न्हाई त्यात. गारगोटीला माझ्या मेव्हण्याच्या वळखीत एक बाई हायत. शिक्षिका हायत. पेन्शन हाय."

"काका, ते फक्त गाडी बघतायत."

"सुरवात गाडीपासनंच हुती," गणपतराव म्हणाले.

त्या लाल गाडीवर दादासो बसलेले असताना धैर्यशीलनं मोबाइलवर फोटो काढला होता. दोन दिवसांनी दादासो दूध आणायला बाहेर पडले, तर चौकात त्यांना ते स्वतः भेटले. दुमजली उंचीचे. 'कोल्हापूर ते कन्याकुमारी मोटारसायकल मोहीम! पेठेचा ढाण्या वाघ दादासो यांना रविवारच्या प्रस्थानानिमित्त हार्दिक शुभेच्छा!' मागच्या सीटवरचे दादासो संगणकानं पुढच्या सीटवर सरकवले होते, त्यामुळं त्यांचे हात हँडलपर्यंत न पोचता हवेतच थांबले होते. वर डाव्या कोपऱ्यात धैर्यशील होता. त्याचा चेहरा वाघापेक्षा मोठा होता. खाली शुभेच्छुकांची मुंडकी दाटीवाटीनं लावली होती.

"धैर्यशील, आरं, गाडी ठरली न्हाई अजून!"

"गाडीचं काय दादा, बोर्ड लागलाय की."

"मी रविवारी न्हाई जाणार."

धैर्यशीलचा चेहरा पडला. "दादा, पावणं बोलावल्यात. हलगीवाला सांगितलाय. ह्या वक्ताला तुम्ही न्हाई गेलासा, तर मी पेठंत तोंड कुठं दाखवू?"

ते त्या बोर्डाकडं पाहिल्यास सांगता आलं असतं. पण दादासोंनी सरकारी नोकरीत साहेब लोकांना कधी 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि धैर्यशील हळूहळू साहेबासारखा दिसू लागला होता. ते म्हणाले, "बघतो." पेठेनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

गाडीचा प्रश्न शोरूमनं सोडवला. शोरूमच्या नावाचं कापड पुढं लावायच्या अटीवर ती लाल गाडी प्रस्थानापुरती मिळाली. तावडे हॉटेलच्या पुढं, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर विक्रेता थांबणार, गाडी परत घेणार. संघप्रिया स्कूटी घेऊन तिथंच येणार. संध्याकाळी दादासो घरी परतणार आणि कंबर धरली म्हणून सांगणार. हे तिघांतच ठरलं.

रविवारी हलगी कडाडली. पाहुण्यांनी झेंडा दाखवला आणि भाषणात दादासोंना तीनदा 'दत्तोबा' म्हटलं. दादासो ओणवे होऊन निघाले. मागं मोटारसायकलींची रांग तावडे हॉटेलपर्यंत आली आणि भोंगे वाजवून परत फिरली. पंपावर पोचेपर्यंत दादासोंची कंबर खरोखरच धरली होती, त्यामुळं ठरलेल्यापैकी निम्मं तरी खोटं उरलं नाही.

"आबा, आधी हार काढा. लोक बघालेत," संघप्रिया म्हणाली. मग दोघं स्कूटीवरनं गडमुडशिंगीला, दादासोंच्या बहिणीकडं, बाळाबाईंकडं गेले. संध्याकाळपर्यंत तिथं टेकायचं होतं.

पण संध्याकाळच्या आधी फोन आला.

"दादा, कुठवर?" धैर्यशीलचा आवाज. "स्पीकरवर टाकलाय, समदा चौक ऐकालाय!"

दादासो गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. समोर बाळाबाईंची म्हैस रवंथ करत होती. कंबर धरली, हे वाक्य त्यांनी तोंडात तयार ठेवलं होतं.

"बेळगाव वलांडलं," ते म्हणाले.

पलीकडं टाळ्या पडल्या. दादासोंनी फोनकडं पाहिलं. आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या होत्या, आणि त्या परत करायची सोय नव्हती.

त्या दिवशी घरी परतणं राहिलं. बेळगावच्या पुढं गेलेला माणूस मंगळवार पेठेत दिसून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी हुबळी झाली. मग चित्रदुर्ग.

"डोंगरावर वळीनं पवनचक्क्या हायत," दादासो बाजेवरनं सांगत होते. "लांबनं बघितलं की वाटतंय, कुणीतरी हात हलवून बोलवालंय. वाऱ्यानं गाडी अशी बाजूला सराय लागती. मग काय करायचं, अंग सैल सोडायचं. गाडीशी भांडायचं न्हाई."

संघप्रिया दारात उभी राहून ऐकत होती. कॉलेजातलं ग्रंथालय सांभाळून ती रोज संध्याकाळी इथं येत होती. हा रस्ता आई-आबांनी नकाशावर बोट ठेवून कितीदा केला होता, ते तिला माहीत होतं. चित्रदुर्गाच्या पवनचक्क्यांपाशी आईचं बोट नेहमी थांबायचं. दादासो फोन ठेवून जेवायला बसले, की दुसरी भाकरी मागून घेत.

बाळाबाईंना सगळं ठाऊक होतं, तरी त्याही वाहवत गेल्या. "दादा, बंगळूरला थंडी असती म्हणं. कानटोपी घाल."

"बाळे, मी तुझ्या दारात बसलोय."

"व्हय, पर उद्या तिथं असशील न्हवं!"

मदुरैच्या आसपास कृष्णातनं चौकातून विचारलं, "दादा, एक सांगा. मागली सीट कशी हाय वो, एवढ्या पल्ल्याला?"

दादासोंनी बाजेवरची शेजारची जागा हातानं दाबून पाहिली.

"मागनं काय तक्रार न्हाई," ते म्हणाले.

चौक खदखदून हसला. संघप्रिया उठली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली. वैरण मघाशीच टाकली होती. म्हशीनं तिच्याकडं पाहिलं आणि समजुतीनं पुन्हा खायला सुरुवात केली.

कन्याकुमारीचा सूर्यास्त दादासोंनी असा सांगितला, की गणपतरावांना स्पीकरवर हुंदका आला.

परतीचा सत्कार प्रस्थानापेक्षा मोठा झाला. दादासो पुन्हा पंपावर लाल गाडीवर चढले, चौकात उतरले, फेटा बांधून घेतला आणि बोलले. "गाडी घेताना रंग बघू नका. हँडल वर पायजे, पाय फार मागं नकोत, सीट रुंद पायजे. आणि मागल्या माणसाला आधी इचारा." लोकांनी हे लक्षपूर्वक ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून शोरूममध्ये लाल गाडीसाठी रांग लावली, कारण दादासो तिच्यावर कन्याकुमारीला जाऊन आले होते. धैर्यशीलनं पहिली घेतली. गोव्याला गेला. येताना गाडी टेंपोत घालून आणली, आणि स्वतः तिच्या शेजारी आडवा पडून आला.

"दादा, तुम्ही एवढं कसं बसलासा ओ तिच्यावर?"

"सवय लागती," दादासो म्हणाले.

या सगळ्यात एक चांगलं झालं. आता त्यांना कुणी सल्ला देईना. पेठेतला सर्वांत अनुभवी माणूस तेच होते. एके दिवशी ते संघप्रियाला घेऊन शोरूममध्ये गेले आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या, सरळ हँडलच्या, बैठ्या गाडीपाशी थांबले.

"काका, ती आपली दुधाच्या किटल्या न्यायला घेतात लोक," विक्रेता ओशाळून म्हणाला.

"दूध नासत न्हाई न्हवं?" दादासो पुढं बसले. पाठ ताठ राहिली. "संघप्रिया, बस मागं."

ती बसली. पाय खाली सहज टेकले.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"नीट सांग. गुडघा अवघडतोय का? पाठीला काय लागतंय का?"

"नाही, आबा. खरंच बरं आहे."

दादासो थोडा वेळ शोरूमच्या काचेतून रस्त्याकडं पाहत राहिले. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुझी रजा शिल्लक हाय?"

निघताना त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बेळगाव खरोखर ओलांडावं लागलं. हुबळीत पंक्चर झालं. चित्रदुर्गाला पवनचक्क्या होत्या. तिथं दादासोंनी गाडी थांबवली. दोघं रस्त्याकडेला उभे राहिले आणि ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवेपर्यंत निघाले नाहीत.

कन्याकुमारीला पोचले तेव्हा सूर्य खाली येत होता. संघप्रियानं टपरीवरनं दोन चहा आणले. दादासोंना राहवेना, त्यांनी फोन लावला.

"धैर्यशील? कन्याकुमारीवरनं बोलतोय."

"आँ? परत?" पलीकडं कुजबुज झाली. "बरं बरं. थांबा, स्पीकरवर टाकतो. हां, सांगा दादा. कसं काय हाय तिथं?"

दादासोंनी समोर पाहिलं.

"समुद्र हाय," ते म्हणाले.

"बरं."

"लई मोठा हाय."

"आणि?"

"आणि सूर्य बुडालाय."

मग स्पीकरपासून जरा दूर, पण स्वच्छ ऐकू येईल असा गणपतरावांचा आवाज आला. "मागल्या खेपंला काय सांगितलं हुतं राव, डोळ्यांत पाणी आलं हुतं माझ्या. ह्या खेपंला काय जमंना. मला इचाराल तर दादा ह्या वक्ताला गेलेलेच न्हाईत. बसलं असतील कुठंतरी बहिणीकडं."

दादासोंनी फोन बंद केला. त्यांचे खांदे हलत होते. संघप्रियानं घाबरून जवळ जाऊन पाहिलं, तर ते हसत होते. आवाज न करता, मग आवाजानं, मग इतके, की चहा सांडू नये म्हणून तिला त्यांच्या हातातला ग्लास काढून घ्यावा लागला.