बेडकाचा अतिरिक्त कार्यभार

खैरपिंपळीच्या तळ्यातला बेडूक निवृत्त झाला आणि त्याची जागा वेळेत भरली गेली नाही, म्हणून तिचा अतिरिक्त कार्यभार नगरपरिषदेच्या आवक-जावक विभागातले प्रल्हाद उटगीकर यांच्याकडे देण्यात आला.

उटगीकर कामाला नाही म्हणणारे गृहस्थ नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणी आणि मोकाट जनावरं आधीच त्यांच्या गळ्यात होती. आता सकाळी टेबलावर आणि जेवणानंतर गुडघाभर पाण्यात, असं त्यांनी बसवून घेतलं. डास खाणं आठवड्याभरात जमलं. ओरडणं मात्र जमेना. बायकोने, कुमुदने, घरी सराव करून घेतला. शेजारचे तक्रार घेऊन आले तेव्हा कुठे दोघांना हायसं वाटलं.

नवव्या दिवशी दिवडबाई आल्या. दिवड म्हणजे पाण्यातला साप. बिनविषारी, पण नोकरीत मुरलेली.

"नवे बेडूक तुम्हीच ना? खाऊन घेते. तीन आठवडे उपाशी आहे हो."

उटगीकरांच्या आदेशात 'पदाची सर्व कर्तव्ये' असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि खाल्लं जाणं हे बेडकाचं कर्तव्य नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

"खा की, बाई," ते म्हणाले. "पण आधी मला कार्यभार सोपवावा लागेल. घेणारं आहे का कुणी?"

दिवडबाईंनी तळ्यावर नजर फिरवली. कुणी नव्हतं. "मग थांबते," त्या म्हणाल्या. नियमाला धरून वागणारी बाई. अशी माणसं आता मिळत नाहीत.

त्या रोज दुपारी काठाशी येऊन "आला का कुणी?" एवढंच विचारायच्या. दोन आठवड्यांत त्यांची कातडी अंगावर ढिली झाली. उटगीकरांना फार वाईट वाटायचं. शेवाळ डासांच्या अळ्यांना, डास बेडकाला, बेडूक सापाला, साप घारीला, अशी सगळ्या तळ्याची पोटं एकमेकांवर चाललेली, आणि सगळं अडलं होतं ते त्यांच्यापाशी. पण जगायचंही होतंच. एकदा त्यांनी डब्यातली भुर्जी पुढे केली.

"नको," बाई म्हणाल्या. "मंजूर आहारात बसत नाही."

शेवटी त्या वैद्यकीय रजेवर गेल्या. त्या दिवशी उटगीकर पोटभर जेवले आणि कुमुदला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. "दिवडीचाही चार्ज घ्या, उटगीकर. तळ्याची माहिती तुमच्याइतकी कुणाला आहे?"

"पण साहेब, बेडूक मीच आहे."

"मग बरंच झालं. शोधावा लागणार नाही."

"आणि बेडकाचा कार्यभार कुणाकडे सोपवू?"

"दिवडीकडे सोपवा की."

उटगीकर पाण्यात जाऊन बसले. बेडूक म्हणून त्यांना भीती वाटत होती आणि दिवड म्हणून कडकडून भूक लागली होती. बराच वेळ विचार करून त्यांनी डाव्या हाताच्या नखांपासून सुरुवात केली. पाच नखं झाल्यावर नोंदवहीत लिहिलं : 'बेडकाचे अंशतः भक्षण झाले. उर्वरित सोमवारी.'

वर घिरट्या घालणारी घार खाली उतरली. तिने नोंद नीट वाचली.

"मग मी मंगळवारी येते," ती म्हणाली.