जेसीचं आवतन

"दारात बैल न्हाई, मग तुमचा पोळा कसला गं?" आमच्या गल्लीतल्या पोरींनी हिणवलं आणि जेसी रडवेली होऊन घरी आली. तिची आई, अन्नम्मा सिस्टर, केरळातून चाकूरच्या दवाखान्यात नोकरीला आलेली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पावसाला ते कुणी कळवलंच नसावं, तो इकडे फिरकलाच नव्हता.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात कीर्तन झालं. जेसी अगदी पुढे बसलेली. बुवा रंगात येऊन म्हणाले, "मनापासून आवतन द्या, येणारा वाट वाकडी करून येतो!" माना सगळ्यांनी डोलावल्या. खरं मानलं एकट्या जेसीनं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला शेजारच्या गुरुपादप्पांनी मोऱ्या बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." ते वळताच जेसी दुसऱ्या कानाशी गेली. "आमच्याकडं या हां. हात जोडते."

आईनं ऐकून कपाळाला हात लावला. "तू बोलावली? मग पाहुणा उपाशी नाही जाणार." दारात धुण्याच्या पाण्यावर जगवलेली एकुलती केळ होती. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं तिचंच पान कापून अंगणात गुळाची खीर वाढली.

मोऱ्या मानाचा बैल, मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे. कित्येक महिने वाळला कडबा चघळलेल्या त्या जिवाला हिरवं पान दिसलं आणि तो झूल सावरत थेट अंगणात शिरला. खीर गेली, पान गेलं, मग केळही गेली. पाहुणा तिथंच बसला.

"ऊठ की रे राजा!" गुरुपादप्पांनी कासरा ओढला. मोऱ्या निवांत रवंथ करू लागला.

मानाचा बैल घरी गेल्याशिवाय मागचे बैल हलायचे नाहीत, आणि बैलांनी घरचा घास घेतल्याशिवाय माणसांनी जेवायचं नाही. मागच्या बैलाचा कासरा धरलेला नरसिंग ओरडला, "आप्पा, बैल बी खोळंबले अन् आमची पोटं बी!"

गुरुपादप्पांची बायको सिद्धम्मा पुरणपोळीचं ताट आणि आरती घेऊन धावत आली. "सकाळधरनं उपाशी हाव, अन् आता बैलाशी भांडून राहिलाव?"

सिस्टरनं केळीच्या उरलेल्या बुडख्याकडे एकवार पाहिलं. "पाहुणा हाय. ओढू नका," ती म्हणाली.

गुरुपादप्पांनी कासरा सोडला. सिद्धम्मानं ताट तिथंच ठेवलं आणि आरती जेसीच्या हातात दिली. मग गल्लीतली सगळी ताटं त्याच अंगणात आली. हिणवणाऱ्या त्याच पोरी म्हणाल्या, "जेसे, जरा सरक की गं, आमचा बैल बी ओवाळायचाय." जेसी हसून सरकली. बुवांची कीर्तनं मी लई ऐकली. त्यातलं एक वाक्य खरं होताना पाहिलं ते त्या अंगणात.

पुढच्या वर्षी आदल्या सांजेला गुरुपादप्पांनी जेसीला हाक मारली. "पोरी, कानात तूच सांग. माझं ऐकत न्हाई तो."

"आप्पा, यंदा तुमच्याकडं जेवायला सांगते."

"येडी का काय!" गुरुपादप्पा दचकले. "पुरणाची डाळ सिद्धम्मानं कवाच तुमच्याकडं नेऊन ठेवलीय!"